बिनबायकांच्या खोल्या

१९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका निघाल्या सव्वापाचशेच्या आसपास. ही झाली अख्ख्या शहराची सरासरी. परळ-लालबागच्या चाळींतल्या कितीतरी गाळ्यांमध्ये हे प्रमाण सरळ शून्य होतं. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, जुन्नरकडून आलेले गडी तिथे एकेका खोलीत दहा-दहा, वीस-वीस राहत. त्यांच्या बायका गावाला शेत, गुरं आणि सासू-सासरे सांभाळत.

दोन पुरुष एका घरात जोडीने राहतात असं कळलं, की आजही पहिला प्रश्न ठरलेला: मग तुमच्यात बाई कोण? स्वयंपाक कोण करतं, पैसे कोण आणतं, भांडी कोण घासतं, ही सगळी उत्तरं त्या एका उत्तरातून आपोआप निघतील, असं विचारणारा धरून चालतो. मजा अशी, की परळच्या पुरुषांनी बाईशिवाय खोली चालवण्याचा प्रयोग पिढ्यान् पिढ्या केलेला आहे. समलिंगी जोडप्यांच्या घरात कामं कशी वाटली जातात हे पाहायचं, तर आधी या जुन्या खोल्यांमध्ये डोकावणं बरं.

ताडदेवला १८५४ साली कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांच्या चिमण्या परळपर्यंत पसरल्या. मागोमाग चाळी आल्या. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काही बांधल्या, १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला २०७ इमारती उभ्या केल्या. याच बीडीडी चाळी. इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. खासगी मालकांच्या चाळींत तर तेवढीही जागा नसे.

अशा खोलीत वीस माणसं मावायची ती गिरणीच्या वेळापत्रकामुळे. तिन्ही पाळ्या सुरू झाल्यावर पहिली सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते मध्यरात्र आणि तिसरी मध्यरात्र ते सकाळी सात अशी चाले. भोंगा झाला की एकाची वळकटी गुंडाळायची आणि त्याच जागेवर दुसऱ्याची पसरायची. भिंतीला ओळीने खुंट्या, खाली ओळीने ट्रंका. प्रत्येकाची मालमत्ता एक खुंटी आणि एक ट्रंक. ज्यांना आत जागा मिळत नसे ते गॅलरीत, जिन्यात किंवा सरळ फुटपाथवर पथारी टाकत.

खोली म्हटली की कामं आलीच. पहाटे नळाला पाणी यायचं, ते भरायचं. केर काढायचा, स्टोव्हचं घासलेट आणायचं, महिन्याचं भाडं गोळा करून मालकाच्या भय्याकडे पोचवायचं, आजारी पडलेल्याला केईएमला न्यायचं. ही कामं वाटली जायची ती पाळी, वय आणि गावातला मान पाहून. गावाहून नुकता आलेला पोरगा पाणी भरणार आणि केर काढणार, जुना माणूस हिशोब ठेवणार, रातपाळीवाला दिवसा घरी असतो म्हणून बाजारहाट त्याच्याकडे. कोकणातल्या गावांनी तर वर्गणी काढून मंडळाच्या खोल्याच घेतल्या. गावातल्या कुणालाही तिथे उतरता यायचं, पण मंडळाचे नियम पाळावे लागत. अशा खोल्या परळ-लालबागमध्ये अजून आहेत. गोव्याच्या ख्रिस्ती पुरुषांनी धोबीतलाव, माझगाव, गिरगावकडे याच धर्तीवर आपापल्या गावांचे ‘कूड’ काढले होते.

पुरुषांनी केर काढला, पाणी भरलं, म्हणून कुणाला कुणी बायकी म्हटलं नाही. जो आज केर काढतोय तो वर्षभराने हिशोब लिहिणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काम माणसाला कायमचं चिकटत नव्हतं.

ही झाली एक बाजू. याच खोलीकडे थोडं दुरून पाहिलं की वेगळंच दिसतं. दोन वेळचं जेवण बहुतेकांना खानावळीतून मिळे, आणि खानावळ चालवणारी बाई असे. कुणी गिरणी कामगाराची बायको, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. वीस-तीस ‘मेंबर’ ठेवायचे, पहिल्या पाळीच्या आधी भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे आणि पैशासाठी पगाराच्या तारखेपर्यंत थांबायचं. मधल्या काळात वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज तिच्याच डोक्यावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. सुरुवातीच्या मोजक्या बायकांना बँकेचं कर्ज मिळालं आणि बघता बघता त्याची चळवळ झाली.

दुसरी बाई गावाला. गिरणीचा पगार शहरात एकट्या माणसापुरताही कसाबसा पुरायचा. म्हातारपण, आजारपण, बेकारी, संप यांचा भार गावच्या शेतीवर पडे, आणि ती शेती बायको ओढायची. गिरणगावाचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी हे नीट मांडलं आहे: गावाशी टिकलेला संबंध ही कामगाराच्या स्वभावातली ओढ कमी आणि तगून राहण्याची सोय जास्त होती. तो मनीऑर्डर पाठवायचा आणि संप चिघळला की गावाला जाऊन महिने काढायचा. बिनबायकांची खोली उभी होती ती नजरेआड असलेल्या दोन बायकांच्या कष्टावर. समलिंगी संसाराकडे वळताना हे ध्यानात ठेवायला हवं, कारण हीच मांडणी पुढे वेगळ्या रूपात परत येते.

या खोल्यांमध्ये जिवाभावाची मैत्री होती, ताटातलं वाटून खाणं होतं, एकमेकांसाठी कर्ज काढणं होतं. यातल्या कुठल्या दोघांत प्रेमाचं नातं होतं याची नोंद सरकारी तक्त्यांत सापडायची नाही. तिथे भाडं, पगार, कर्ज आणि रोगराई यांना रकाने होते. शिवाय १८६० च्या दंड संहितेतलं ३७७ कलम डोक्यावर टांगलेलं असताना असलं काही कोण सांगणार? म्हणून त्या माणसांना आजच्या ओळखी चिकटवण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडून घ्यायची ती एवढीच साक्ष, की घरकाम कुणी करायचं हे शरीर ठरवत नाही, सोय आणि सत्ता ठरवते.

मग ‘बाई कोण’ हा प्रश्न आला कुठून? गिरणगावात बाईपण खोलीत वाटलं जात नव्हतं, ते वाटलं जायचं रंगमंचावर. शिमग्याला कोकणी मंडळींच्या खेळ्यांत साडी नेसून नाचणारी गोमू पुरुषच असायची. गवळणीतली मावशीही पुरुषच. तमाशात बायका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा हे त्यातलं गाजलेलं नाव. तोवर बाईचं काम नाच्या पोऱ्याकडे असे, आणि बायका आल्यावरही नाच्या राहिलाच, फक्त त्याच्या वाट्याला आता विनोद आला. लालबागचं हनुमान थिएटर हे तमाशाचं मुंबईतलं मोठं ठिकाण होतं. पाळी संपवून आलेल्या कामगारांनी ते भरून जायचं. परळला ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल १९२२ मध्ये उभा राहिला आणि कामगार रंगभूमीचं ते माहेरघर झालं. तिथेही सुरुवातीच्या काळात नायिका मिशा काढून यायची.

प्रेक्षकांना यात वावगं वाटत नव्हतं, तोवर, जोवर नट पडद्याबाहेर आल्यावर ‘पुरुष’ होत होता. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या साड्यांची आणि केसांच्या ठेवणीची नक्कल कुलीन घरांतल्या बायका करत. तोच माणूस नाटक कंपनीचा मालक, शेकडो पोटांचा पोशिंदा आणि डोंगराएवढ्या कर्जाचा धनी होता. रंगमंचावरची भूमिका आणि खांद्यावरची जबाबदारी यांचा काडीचा संबंध नव्हता, आणि कुणी तो जोडतही नव्हतं. नाच्याच्या बाबतीत मात्र लोकांनी तो जोडला. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मराठी तमाशापटांत नाच्या अजरामर केला. खऱ्या आयुष्यात ते संसारी, मुलाबाळांचे बाप. तरी पडद्यावरच्या भूमिकेवरून होणारी टवाळी त्यांच्या घरापर्यंत पोचली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतल्या गुणाची शोकांतिकाही हीच: पहिलवान नाच्या होतो, आणि गाव त्याला माणसात धरायला तयार होत नाही. बालगंधर्वांना जी मुभा मिळाली ती जातीची, वर्गाची आणि शास्त्रीय गाण्याची होती. तमाशातल्या गरिबाला ती नव्हती.

हा भेद पुढे पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या जगातही दिसतो. या जगाची स्वतःची बोली आहे. बायकी वागणारा, जोडीदाराला ‘नवरा’ मानणारा तो कोथी. ‘मर्द’ भूमिकेतला तो पंथी किंवा गिऱ्या. दोन्हीकडचा तो डबल डेकर. बेस्टच्या दुमजली गाड्या १९३७ पासून पाहणाऱ्या मुंबईला हा शब्द फोडून सांगायची गरज पडली नाही. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची नोंदणी झाली आणि एड्सच्या कामाच्या निमित्ताने कार्यकर्ते बागा, स्टेशनं, स्वच्छतागृहं पालथी घालू लागले. तेव्हा ही बोली तक्त्यांत आणि अहवालांत चढली. मानवशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांचं म्हणणं असं, की ‘कोथी’ हा शब्द देशभर ठाशीव ओळख म्हणून पसरला त्यात एड्स-निर्मूलनाच्या संस्थांचा आणि त्यांच्या निधीचा मोठा वाटा होता. माणसं मात्र रकान्यांत नीट बसत नव्हती. एकाशी पंथी असलेला दुसऱ्याशी कोथी निघायचा.

घरकामाच्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढेच आहे. या बोलीत ‘बायको’ म्हणवून घेणारा स्वयंपाक करतो, नवऱ्याचे कपडे धुतो, त्याच्यासाठी उपासही धरतो. पण पैसा? गायत्री रेड्डी यांनी हैदराबादच्या हिजडा आणि कोथी समाजात राहून केलेला अभ्यास २००५ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात हिजड्यांचे ‘नवरे’ अनेकदा त्यांच्याच कमाईवर जगताना दिसतात. म्हणजे बायको रांधते, धुते आणि वर नवऱ्याला पोसतेही. भूमिका जुन्या नाटकाची, पण कमावत्याचा मान बायकोला नाही. परंपरेतला पुरुष पोशिंदा असायचा, इथल्या पुरुषाने तेवढी जबाबदारीही उतरवून ठेवली.

आणि तिसरं माणूस असतंच. एड्सचं काम करणाऱ्या संस्थांच्या कामातून पुन्हा पुन्हा समोर आलं ते हे, की पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या कितीतरी पुरुषांची लग्नं झालेली असतात. घरच्यांनी करून दिलेली, वंश चालावा म्हणून केलेली. मुंबईत मित्र, गावाला किंवा उपनगरात बायको. म्हाताऱ्या आईची औषधं, मुलांच्या शाळा, सणवार, सुतक हे सगळं त्या बायकोच्या अंगावर. तिला काही कळलेलं नसतं, किंवा कळूनही बोलायची सोय नसते. गिरणी कामगाराची मनीऑर्डर जाऊन आता मोबाइलवरून पैसे जातात. कष्टांची वाटणी फारशी हललेली नाही.

शिकलेल्या, उघडपणे समलिंगी म्हणून जगणाऱ्या जोडप्यांना ही भाषा जुनाट वाटते. आमच्यात नवरा-बायको नाही, दोघं सारखे, असं ते सांगतात. त्यात तथ्यही आहे. अमेरिकेत लॉरेन्स कर्डेक यांनी १९९३ मध्ये तीन प्रकारच्या जोडप्यांची तुलना केली. स्त्री-पुरुष विवाहांत घरकामाचा बहुतांश बोजा बायकोवर होता, स्त्रीजोडप्यांत दोघी एकच काम मिळून करत, आणि पुरुषजोडप्यांत कामं विभागलेली पण बेरीज साधारण सारखी. एकाकडे स्वयंपाक, दुसऱ्याकडे धुणं आणि बिलं. हे झालं विचारून मिळालेलं उत्तर. सहा वर्षांनी क्रिस्टोफर कॅरिंग्टन यांचं पुस्तक आलं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ५२ समलिंगी घरांच्या या अभ्यासात काही घरांमध्ये ते स्वतः राहून पाहत होते. त्यांना दिसलं ते निराळं. बरोबरीची भाषा सगळ्यांची, पण प्रत्यक्षात बहुतेक घरांत एकजण जास्त राबत होता, आणि तो बहुधा कमी पगाराचा किंवा वेळेच्या दृष्टीने मोकळी नोकरी असलेला. मजेचा भाग असा, की दोघं मिळून ते झाकत. जास्त राबणाऱ्या पुरुषाचं पुरुषपण कमी दिसू नये म्हणून जोडीदार त्याचं कष्टाचं काम त्याची हौस म्हणून सांगायचा. स्वयंपाक त्याला आवडतोच, घर टापटीप ठेवायचा त्याला छंदच आहे, वगैरे.

गिरणगावात एका अर्थी ही झाकाझाक नव्हती. रातपाळीवाला बाजार करतो तो दिवसा रिकामा असतो म्हणून, हे सरळ बोललं जायचं. आजच्या परळमध्ये दोघांतला एक कमला मिलच्या आवारातल्या ऑफिसात रात्री दहापर्यंत अडकलेला असेल आणि दुसरा हॉस्पिटलात शिफ्टने नर्स असेल, तर डाळ-भाताचा कुकर कोण लावणार हे कोथी-पंथीवर ठरत नाही, शिफ्टवर ठरतं.

पण मधल्या काळात परळच बदललं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतल्या कितीतरी जणांना गिरणीत पुन्हा काम मिळालंच नाही. नवरा घरी बसला, बायको बाहेर पडली. पोळ्या लाटणं, मसाले कुटणं, फॉल-बिडिंग, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी. पाळ्यांची उलटापालट झाली तरी घरात आल्यावर चूल तिचीच राहिली. बेकार नवऱ्याने भाकरी थापायला घेतली, अशी घरं अपवादानेच. गाळ्यात एकट्याने राहताना केर काढणारा पुरुष बायको मुंबईला आल्याबरोबर ते काम विसरला होता. बाई हजर झाली, की पुरुषाची पाळी संपते.

गिरण्यांच्या जागी टॉवर आले. त्यातल्या एखाद्या वन बीएचकेत दोन पुरुष भाड्याने राहायला जातात तेव्हा ब्रोकर विचारतो, फॅमिली की बॅचलर? दोघं ‘बॅचलर’ म्हणून सही करतात. घर लागतं, आणि आठवड्याभरात स्वयंपाकाला आणि लादीला बाई लागते. ती बहुधा उरलेल्या चाळीतली असते, कधी गिरणी कामगाराचीच सून. दोघांमधलं भांडण मिटवायचा हा सगळ्यात सोपा उपाय: जे काम दोघांनाही नको ते तिसरीकडे द्यायचं. श्रीमंत स्त्री-पुरुष जोडप्यांनीही समानता अशीच साधलेली आहे. दोघांत बाई कोण, याचं उत्तर इथे सकाळी आठला बेल वाजवतं.

जबाबदारीचा दुसरा भाग कागदावरचा. मुंबईत घर म्हणजे आधी भाडेपावतीवरचं नाव. १९४७ चा भाडे कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, दोन्हींत भाडेकरू वारला की हक्क जातो तो सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. वीस वर्षं एका खोलीत काढलेल्या मित्राला स्वतःला ‘कुटुंब’ म्हणवून घेणं सोपं नाही. गावचा पुतण्या पावतीवर हक्क सांगायला येतो आणि ज्याने शेवटच्या आजारपणात बेडपॅन उचललं तो बाहेर. म्हणून ज्याच्या नावावर जागा तो जोडीतला वरचढ, मग स्वयंपाक कोणीही करो.

१६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत मुंबईचा क्वीअर आझादी मोर्चा निघाला. पुढच्या दहा वर्षांत ३७७ कलम दिल्ली उच्च न्यायालयात पडलं, सर्वोच्च न्यायालयात २०१३ मध्ये परत उभं राहिलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीच्या संबंधांपुरतं कायमचं निकालात निघालं. शेजघरातून सरकार बाहेर पडलं. स्वयंपाकघर आणि कपाटातली कागदपत्रं यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही आणि रोजच्या अडचणींसाठी केंद्राने समिती नेमावी असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

त्या समितीनंतर काही गोष्टी हलल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने खुलासा केला, की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी जोडीदारांना एकाच कुटुंबात धरावं, असं केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं. रेशन कार्डावर गहू-तांदूळ किती मिळतो यापेक्षा परळच्या माणसाला त्या कार्डाची किंमत वेगळीच कळते. इथे पिढ्यान् पिढ्या राहण्याचा पुरावा म्हणून तेच जपून ठेवलेलं असतं.

आता प्रश्न थेट कामाच्या वाटणीवर आला आहे. दोघांतला एक नोकरी करतो, दुसरा घर आणि म्हातारे आईवडील पाहतो, आणि कमावणारा त्याच्या खात्यात पैसे टाकतो. नवरा-बायकोत असे पैसे दिले तर आयकर कायदा ते नातेवाइकाकडून मिळालेली भेट धरतो, कर नाही. दोन पुरुषांत वर्षाला पन्नास हजारांच्या वर रक्कम गेली, की घेणाऱ्याचं ते करपात्र उत्पन्न. मुंबईतल्या एका समलिंगी जोडप्याने याला आव्हान दिलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने देशाच्या ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. घर सांभाळणाऱ्या पुरुषाच्या हाती येणारा पैसा संसाराचा की कमाईचा, हे त्या याचिकेत ठरायचं आहे.